डावी बाही

शिवगंगाला खोटं खपायचं नाही. ब्लाऊज बिघडला तर बिघडला म्हणायचं, गिऱ्हाईक जाडलं तर जाडलं म्हणायचं. राजारामपुरीत एका क्लासच्या जिन्याखाली तिचं दुकान होतं. दोन मशिनं, एक कापायचं टेबल, भिंतीला आरसा आणि आरशापुढं पडदा, एवढाच पसारा. पडद्यामागं उभ्या असलेल्या बाईला टेप गुंडाळता गुंडाळता ती सुनवायची, "बाई, मागच्या दिवाळीचं माप इसरा आता. दोन इंच वाढलाईसा. मी खोटं माप लिवणार न्हाई. उद्या काखंत फाटलं की माझ्या नावानं बोंबलत याल." बाई लाजायची, हसायची आणि पुढच्या खेपेला बहिणीला घेऊन यायची. कोल्हापूरची माणसं ही. गोड बोलणाऱ्याचाच त्यांना जास्त संशय येतो.

गोष्ट शिवगंगाची आहे, पण ती तिच्या धाकट्या जावेच्या, महादेवीच्या बाजूनं सांगावी लागते. महादेवीला विचाराल तर ती अजून म्हणते की चूक माझीच. इतर बायका म्हणतात, आम्हा सगळ्यांची. मला वाटतं, दोन्हीही खरं आहे.

शिवगंगा मूळची संकेश्वरकडची. घरात कानडी, बाजारात मराठी आणि भांडताना दोन्ही. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन कोल्हापूरलगतच्या उचगावात आली. नवरा बाळाप्पा फौंड्रीत कामाला, अबोल माणूस. दिवसभर भट्टीपुढं उभा राहून आल्यावर त्याच्याकडं बोलायला काही उरायचंच नाही, त्यामुळं त्याच्या वाटचंही हीच बोलायची. लक्ष्मीपुरीत एका म्हाताऱ्या मास्तरांकडं काजं-बटणं करता करता तिनं कटिंग नजरेनं उचललं. मास्तर थकले तेव्हा त्यांची कात्री मागून घेतली आणि स्वतःचं दुकान थाटलं.

महादेवीचा नवरा ट्रकवर. महिन्यातले वीस दिवस बाहेर. लग्नाला पाच वर्षं होऊन मूल झालं नाही, तेव्हा सासूचं तोंड सुटलं. एके सकाळी शिवगंगानं तिच्या हातातलं खरकटं भांडं काढून बाजूला ठेवलं. "सुईत दोरा ओवता येतो न्हवं? मग चल दुकानात. हितं बसून शिव्या खातीस, तितं बसून हूक लाव." त्या दिवसापासून महादेवी हातशिलाईला. चौदा वर्षं दोघी एकाच बसनं आल्या आणि एकाच बसनं गेल्या. कटिंग अक्काचं, मशीन अक्काचं. महादेवीनं कात्रीला कधी हात लावला नाही. तिच्या आयुष्यात कुणी तिची बाजू घेतली असेल तर ती या बाईनं. अक्कासाठी तिनं जीवही दिला असता, आणि हे नुसतं म्हणायचं म्हणून नाही.

तीन वर्षांमागं शिवगंगाच्या डाव्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, छाती काढली, केमो झाली, केस गेले, केस आले. मग वर्षभर दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की हिची गाठ जरा तापट जातीची आहे, पण या जातीला हे इंजेक्शन चांगलं लागू पडतं. आणि पडलंही. छातीचा फोटो साफ, पोट साफ, हाडं साफ. बाळाप्पानं नरसोबाच्या वाडीला जाऊन पेढे वाटले. एरवी देवाच्या दारात न जाणारा माणूस.

दुकानात परतली त्या दिवशी गल्लीतल्या चार बायका चेहरे पाडून भेटायला आल्या होत्या. शिवगंगानं कात्री उचलून टेबलावर आपटली. "छाती कापलीया, मान न्हाई. ज्यांना माप द्यायचंय त्यांनी थांबा. कीव करायची आसंल त्यांनी घरी जाऊन करा. माझ्या म्होरं केली तर ही कात्री फेकून मारीन." बायका हसल्या, पदर डोळ्याला लावून हसल्या.

मग तिनं स्वतःसाठी एक ब्लाऊज शिवला. डावीकडं आतून खिसा, खिशात कापसाची उशी आणि उशीच्या पोटात मूठभर मोहरी, म्हणजे वजन बरोबर येतं आणि पदर एका बाजूला ओढत नाही. कुणी तरी दवाखान्यात ते बघितलं. सहा महिन्यांत गडहिंग्लजपासून चंदगडपर्यंतच्या ऑपरेशन झालेल्या बायका पत्ता विचारत यायला लागल्या. पडद्यामागं जाताना खांदे पाडून जायच्या आणि बाहेर येताना आरशात दोनदा बघायच्या. त्यांच्यासाठी शिवगंगा म्हणजे देवाच्या खालोखाल. हे सगळं सांगितलं, कारण पुढं काय झालं ते याच मायेपायी झालं.

जानेवारीची गोष्ट. तेजस्वी नावाची एक शाळेतली बाई होती, जुनी गिऱ्हाईक. तिचा ब्लाऊज हूक लावायला महादेवीच्या मांडीवर आला. उजवी बाही चोख. डावी बाही बोटभर आखूड आणि खांद्याशी मुंड्यात चोळामोळा करून बसवलेली. महादेवीनं ब्लाऊज उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. अक्काच्या हातचं हे काम नव्हतंच. पण मान वर केली तर अक्का मशीनवर बसून नेहमीसारखी कुणाला तरी फोनवर झाडत होती. महादेवी मनात म्हणाली, थकली असेल. आजारातून उठलेलं शरीर. तिनं बाही उसवली, पट्टी जोडून लांबी वाढवली, हातानं बारीक टाके घालून बसवली आणि ब्लाऊज घडी करून पिशवीत ठेवला.

आठवड्यानं दुसरा. मग तिसरा. सगळ्यांची डावीच बाजू. एकात छातीला गोलाई देणारा डावीकडचा टक्सच घातलेला नाही. एकात डाव्या बाजूचं अस्तर तसंच लोंबतं. महादेवीनं एकदा धीर करून तोंड उघडलं, "अक्का, चष्म्याचा नंबर बघून घ्यायचा काय?"

"का गं? सुई ओवताना चुकलो का काय मी?"

"न्हाई, तसं न्हाई. आपलं म्हटलं."

"मग आपलं म्हणू नगंस. डोळं झकास हाईत माझं." आणि खरोखर, बारक्यातल्या बारक्या सुईत ती एका झटक्यात दोरा ओवून दाखवायची.

महादेवी गप्प बसली. जाऊ झाली तरी थोरली; तिला तोंडावर 'तुमचं काम बिघडलंय' म्हणायची महादेवीची छाती नव्हती. पण त्याहून मोठी भीती वेगळीच होती. केमोच्या दिवसांत शिवगंगा एकदाच रडली होती, केसांसाठी नव्हे. "म्हादेवी, कात्री सुटली तर मी मेलो बघ," असं म्हणून रडली होती. हे कानात बसलेलं. तेव्हा कात्री सुटता कामा नये, एवढंच महादेवीला दिसत होतं. ती दुपारी अक्का जेवून डुलकी काढायला बसली की उसवायची आणि शिवायची. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

घरातही काही तरी बिनसलं होतं. शिवगंगाच्या दंडावर, कमरेवर काळेनिळे डाग. डावीकडंच. दाराच्या चौकटीला आपटायची आणि चौकटीलाच शिव्या द्यायची. जेवताना तर कमालच. भाजी खायची, भाकरी खायची, आमटी प्यायची आणि मग ओरडायची, "म्हादेवी, चटणी संपली का काय घरातली? तीन दिस झालं, पानात चटणी न्हाई." चटणी असायची. आपल्याकडं ताटात जिथं वाढतात तिथंच, डावीकडं, मिठाशेजारी, कांद्याशेजारी. महादेवी बोट दाखवायची, "ही काय." शिवगंगा मान वळवून बघायची, चपापायची आणि म्हणायची, "आत्ता वाढलीस. मला खुळ्यात काढतीस व्हय?" महादेवीला वाटलं, थोरलेपणा गाजवतेय. सासू गेल्यावर कुणी तरी सासू व्हायला पाहिजेच की. तिला रागही आला. चौदा वर्षांत पहिल्यांदा अक्काचा राग आला, आणि त्या रागापायी तिनं पुढचा विचारच केला नाही.

मार्चमध्ये भाजीबाजारात तेजस्वी भेटली. इकडतिकडचं बोलून झालं. मग तेजस्वीनं तिला कोपऱ्यात घेतलं. "महादेवीताई, तुम्हीच दुरुस्त करताय ना? मला टाक्यांवरनं कळलं. तुमच्या हाताखालून सुटलेले पण काही आलेत बायकांकडं. आम्ही बोलत नाही कुणी. पलीकडच्या गल्लीत एक बाई नीट करून देते. अक्कांना कळू देऊ नका हं."

"म्हंजी सगळ्यांना म्हाईत हाय?"

"सगळ्यांना. पण एवढ्या मोठ्या दुखण्यातनं उठलेलं माणूस, त्यांना कुठं दुखवायचं?"

महादेवीला इतकं बरं वाटलं की तिनं तेजस्वीचे हात हातात घेतले. बघा म्हणजे! ज्या गावात पावण्याच्या तोंडावर 'आमटी पांचट झालीया' म्हणायला कुणी मागंपुढं बघत नाही, रिक्षावाला ओळख नसताना 'मावशी, पोट कमी करा' म्हणतो, त्या गावातल्या चाळीसएक बायका तीन महिने तोंडाला कुलूप लावून बसल्या. आयुष्यात एकदाच गप्प बसल्या आणि नेमक्या जिथं बोंब मारायची तिथं गप्प बसल्या. देवा, कुठं होती रे त्या दिवसांत आमची ती फटकळ जीभ!

ती सापडली धोंडुबाईकडं. धोंडुबाई उचगावचीच, सत्तरीची, दूध घालून आयुष्य काढलेली. हिवाळाभर चंदगडला लेकीकडं होती, त्यामुळं गावातलं ठरलेलं तिला ठाऊक नव्हतं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नातवाच्या लग्नाचा ब्लाऊज घालून बघायला ती पडद्यामागं गेली, आणि नेमकी त्या दिवशी महादेवी बँकेत गेली होती. ब्लाऊज तिच्या हाताखालून गेलाच नव्हता. महादेवी परत आली तेव्हा धोंडुबाई पडदा फाडल्यासारखी बाहेर येत होती. उजवा हात बाहीत, डावा मोकळा.

"आगं ए शिवगंगा, आंधळी झालीस का दारू प्यालीस? डावा हात घालू कुठं? बाहीच लावली न्हाईस की गं भवाने!"

शिवगंगा हसायला लागली. मग थांबली. धोंडुबाईला पाठमोरं उभं करून तिनं दोन्ही हातांनी ब्लाऊज चाचपला. उजवी बाही. पाठ. मग हात डावीकडं गेला आणि मुंड्याच्या उघड्या कापडाला लागला. महादेवीनं अक्काचा चेहरा चौदा वर्षं बघितला होता, पण असा नाही. टेबलावर दुसरी बाही कापून ठेवलेली होती, टेबलाच्या डाव्या टोकाला. सकाळपासून तिथंच.

"आनि कुणाचं बिघडलंय?" शिवगंगानं विचारलं. धोंडुबाईला काय माहीत! शिवगंगानं मग महादेवीकडं बघितलं. महादेवीनं मान खाली घातली, आणि ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी दवाखाना. मेंदूचा एमआरआय काढायला आत जाताना गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी काढून ठेवावी लागली. शिवगंगानं ती महादेवीच्या हातात दिली. दुकानातल्या त्या दुपारपासून ती महादेवीशी बोलत नव्हती.

रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंनी बाळाप्पाला आणि महादेवीला आत बोलावलं. पडद्यावर मेंदूचा फोटो होता, आणि त्यात पांढरे ठिपके. उजव्या बाजूला एक मोठा, लिंबाएवढा, भोवती सूज. बाकी सहा लहान, इकडंतिकडं.

"छातीचाच आजार आहे हा. तिथूनच पेशी सुटल्यात आणि रक्तातून मेंदूत जाऊन बसल्यात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण इंजेक्शन..." बाळाप्पा म्हणाला. "सगळं साफ म्हनला हुता."

"बाकी शरीर साफच आहे. इंजेक्शननं ते सांभाळलं. पण मेंदूला निसर्गानं कडक पहारा ठेवलाय, रक्तातलं वाटेल ते आत सोडत नाही. ते औषध पहाऱ्यापाशीच अडलं. आजाराच्या पेशी मात्र शिरल्या. या जातीच्या आजारात असं बऱ्याच जणींना होतं. आता औषधानं बायका जास्त जगतात, म्हणून तर हे जास्त दिसायला लागलंय."

महादेवीनं बाहीचं सांगितलं. चटणीचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "डोळे चांगले आहेत तिचे. पण आपल्या डाव्या बाजूचं भान उजवा मेंदू ठेवतो, आणि गाठ नेमकी तिथं आहे. तिच्या लेखी डावी बाजू उरलीच नाही. आपलं काही सुटलंय हे तिचं तिला कळणं शक्यच नव्हतं. अशा वेळी भोवतीच्या माणसांनी सांगावं लागतं. लक्षण दिसल्याशिवाय मेंदूचा फोटो आम्ही काढत नाही. कधीपासून होतंय हे?"

"जानेवारी," महादेवी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं. महादेवीनंच विचारलं, "तवा आणलं आसतं तर?"

"मी खोटी आशा लावत नाही आणि उगाच दोषही देत नाही. कदाचित तेव्हाही इतक्याच असतील. पण एकच असती तर ती काढता आली असती, किंवा नेमक्या तिच्यावरच किरण सोडता आले असते. वर्ष, दोन वर्षं, काही जणींना त्याहून जास्त मिळतात. आता सगळ्या मेंदूला किरण द्यावे लागतील."

"आनि मग?" बाळाप्पानं विचारलं.

"काही महिने."

बाहेरच्या बाकड्यावर बाळाप्पानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग म्हणाला, "तिला सांगायचं न्हाई. सूज हाय म्हणायचं. रक्षिताची पुण्यात जूनमधी परीक्षा हाय, तिलाबी आत्ता नगं." रक्षिता त्यांची एकुलती एक लेक, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. संध्याकाळपर्यंत भावकीतल्या सगळ्यांनी मान डोलावली. न सांगायचं ठरलं. परत एकदा सगळे मायेनं गप्प बसणार होते.

दोन दिवस महादेवीनंही सूज-सूज केलं. शिवगंगानं औषध घेतलं, सुजेवरच्या गोळ्यांनी डोकं हलकं झालं, भूक लागली आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "मला दुकानात घिऊन चल." धोंडुबाईच्या त्या दुपारनंतर महादेवीशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

दुकानात येऊन ती स्टुलावर बसली. न शिवलेल्या कापडांचा ढीग पुढ्यात. "म्हादेवी, तुला एकच इचारतो. तू माझ्या पाठीमागं उसवलंस आनि शिवलंस. कवापासनं?"

"जानेवारीपासनं."

"आनि ह्या गावच्या सटव्या?"

"त्यास्नीबी म्हाईत हुतं."

शिवगंगानं मान हलवली. "आता डोस्क्यात काय हाय ते सांग. सूज म्हणालीस तर तुझं तोंड बघणार न्हाई."

महादेवीला डोकं धरून बसलेला बाळाप्पा दिसला, भावकी दिसली. घराबाहेर काढतील, हेही मनात आलं. मग तिनं सांगितलं. सात गाठी, पहारा, किरण, काही महिने, जानेवारीत एकच असती तर. काही गाळलं नाही. सांगताना ती रडत होती, पण थांबली नाही.

शिवगंगानं पुढ्यातली कात्री उचलली आणि परत टेबलावर ठेवली. रस्त्यावर क्लास सुटला होता, पोरांचा कालवा चालला होता.

"माझं तीन महिनं तू शिवून टाकलंस गं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर महादेवीला सोसलं असतं.

"मला मारा अक्का. काय बी करा."

"मारून काय हुतंय? चांगलं करायला गेलीस, म्हाईत हाय मला. म्हणून तर जास्त राग येतोय, शिवी बी देता येईना." तिनं नाक पुसलं. "आता हितनं पुढं माझ्याशी एक शब्द खोटा बोलायचा न्हाई. मी मराय टेकलो तरी. बाकीच्यांचं मी धरत न्हाई. तुझं धरणार."

"न्हाई बोलणार. शपथ."

"शपथ नगं. बोलू नगंस, बास."

त्या दिवसापासून महादेवीला जगात दुसरं काही नको होतं. अक्कानं परत आपल्यावर विश्वास ठेवावा, एवढंच. ती तोलून तोलून खरं बोलायला लागली. 'केस परत जाणार, या खेपेला बहुतेक येणार न्हाईत.' 'तोंड डावीकडं वाकडं दिसतंय.' 'व्हय, आज तुमी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगितलीसा.' बाळाप्पा चिडायचा. पण शिवगंगा ऐकून घ्यायची आणि पुढचं ठरवायची. गिऱ्हाइकांची कापडं तिनं न कापता परत पाठवली. तेजस्वी आली तेव्हा तिला समोर उभं करून इतकं झोडपलं की ती बिचारी हुंदके देत गेली. "पुढच्या बाईचं तरी तोंडावर सांग जा," एवढंच शेवटी जरा मऊ आवाजात म्हणाली.

दहा दिवस किरण झाले. मे महिना तिनं महादेवीला कटिंग शिकवण्यात घालवला. खडूनं उजवी बाजू आखायची, हातानं धरून कापवून घ्यायची आणि म्हणायची, "डावीकडचं तुझं तू बघ. मला तिकडं काय न्हाईच." कधी हसून म्हणायची, कधी खडू फेकून. महादेवीनं मोहरीचा खिसा लावलेला पहिला ब्लाऊज कापला तेव्हा शिवगंगानं तो चाचपून बघितला. "गळा जरा खाल्लाईस. बाकी बरा हाय." महादेवी त्या रात्री जेवली नाही, आनंदानं.

जूनच्या मध्यावर हनुवटी बधिर झाली. मग पायातली ताकद गेली, पाठीतून कळा यायला लागल्या, एकाचे दोन दिसायला लागले. पाठीतलं पाणी तपासलं. आजार आता गाठीपुरता राहिला नव्हता. मेंदूभोवती आणि मणक्यातून जे पाणी खेळतं त्यात तो उतरला होता, आणि त्या पाण्याबरोबर मज्जातंतूंच्या मुळांशी पोचत होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरी न्या, दुखू द्यायचं नाही एवढंच आपण करू. महादेवीनं हेही जसंच्या तसं अक्काला सांगितलं. "बरं," अक्का म्हणाली.

उचगावच्या घरात खाट अशी लावली होती की दार, खिडकी आणि माणसं सगळी तिच्या उजव्या हाताला यावीत. येणाऱ्याला महादेवी दारातच सांगायची, इकडनं बसा. शिवगंगा दिवसाचा बराच वेळ गुंगीत असायची. मधेच कानडी बोलायची, समोर नसलेल्या आईशी. मधेच एकदम शुद्धीत यायची आणि पहिलं विचारायची, "रक्षिता कधी येतीया?"

"परीक्षा परवा संपतीया. तेरवा सकाळी निघंल." महादेवी खरं तेच सांगायची. बाळाप्पानं शेवटी लेकीला फोन केला होता.

ठरल्या दिवशी दुपारी महादेवी उजव्या बाजूला बसून डोळे मिटलेल्या अक्काला चमच्यानं पेज भरवत होती. रक्षिता पिशवी उंबऱ्यातच टाकून धावत आत आली. महादेवी काही म्हणायच्या आत ती वळसा घालून खाटेच्या रिकाम्या बाजूला, डावीकडं, जमिनीवर बसली आणि आईचा डावा हात दोन्ही हातांत घेऊन त्यावर तोंड टेकून रडायला लागली. आवाज तिनं दाबून धरला होता. आईला कळू नये म्हणून.

शिवगंगानं डोळे उघडले. महादेवीकडं बघितलं. त्या दिवशी नजर स्वच्छ होती.

"रक्षिता आली न्हाई अजून?"

"आलीया अक्का. ही काय, तुमच्या डाव्या अंगाला बसलीया. तुमचा हात धरलाय तिनं."

शिवगंगानं बघायचा प्रयत्न केला. मान जेमतेम हलली आणि परत उजवीकडंच आली. तिनं महादेवीचा चेहरा निरखला, बराच वेळ, पडद्यामागच्या बाईला निरखायची तसा.

"परत?" ती म्हणाली. "परत खोटं बोलालीस?"

"न्हाई अक्का! तुमच्या गळ्याची आण, ती हितं..."

"तुला सांगितलं हुतं म्हादेवी. येवढंच सांगितलं हुतं." तिच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं आणि उशीवर गेलं.

"रक्षिता, ऊठ! इकडं ये, ह्या बाजूला ये!" महादेवी ओरडली. रक्षिता धडपडत उठली, खाटेला ठेच खाऊन वळसा घालून उजवीकडं आली, "अव्वा, अव्वा, मी आले," म्हणत आईच्या तोंडाजवळ वाकली. शिवगंगानं तिला बघितलं. चेहराभर हसू आलं. "आलीस? आत्ता आलीस व्हय माझी बाय?" तिनं उजवा हात उचलून लेकीच्या गालावर ठेवला. "ही म्हणत हुती, कवाचीच आलीया म्हणून. मला खुळ्यात काढती ही. खोटं बोलायचं सुटंना बघ हिला."

"अगं अव्वा, मी होते तिथं, खरंच होते," रक्षिता म्हणाली. पण शिवगंगा लेकीकडं बघण्यात गुंगली होती. ते तिच्यापर्यंत पोचलं की नाही कुणास ठाऊक. थोड्या वेळानं तिचा डोळा लागला. त्यानंतर चार दिवस ती होती, अधूनमधून कानडीत पुटपुटायची, पण महादेवीशी एक शब्द बोलली नाही.

दुकान आता महादेवी चालवते. मोहरीचे ब्लाऊज तीच कापते, आणि बायका म्हणतात, तोंडानं ती अक्कापेक्षा वाईट आहे. माप चुकलं तर फाडकन सांगते, चेहरा उतरला असेल तर विचारते, एखादीचा पाय ओढतोय असं वाटलं तर गिऱ्हाईक जाईल याची पर्वा न करता दवाखान्यात पिटाळते. रक्षिता सुट्टीला आली की तिला समजावते, "काकू, अव्वाला कळलं असेल गं नंतर." महादेवी कापड आखता आखता मान हलवते. "न्हाई कळलं," म्हणते, आणि खडू पुढं ओढते.